बिनवाराची पोकुआ

कुमासीच्या बांतामा बाजारात शाळेचे गणवेश शिवायचे तर पोकुआकडेच, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या शिलाई मशीनपाशी पाच वर्षं एक अख्खा ग्रह तयार होत होता, हे फक्त मान्सामावशीला माहीत होतं. ग्रहाची एक बाजू कायम सूर्याकडे, दुसरी कायम अंधारात, आणि मधल्या पट्ट्यात माणसं. तिथे सूर्य उगवत नाही की मावळत नाही. वारं कुठून वाहील, केळी कुठे पिकतील, सगळं बाईने बेतून ठेवलेलं. गणवेशाचं माप एकदा चुकेल, ग्रहाचं नाही!

आज कादंबरीची पहिली तीस पानं चारच्या बसने अक्राला जायची होती. उद्या पोचली नाहीत तर विसरा, असं प्रकाशकबाईंनी बजावलं होतं. पोकुआच्या पायाला सकाळपासून भिंगरी. तरी बांधण्याआधी तिने पानं मावशीला वाचून दाखवलीच. मावशी दुकानासमोर तिखट लावलेली केळी तळत ऐकत होती.

"थांब गं," मावशीने झारा वर धरला. "तुझी नायिका आफिया. म्हणजे शुक्रवारी जन्मलेली."

"हो."

"भाऊ क्वाकू, बुधवारचा. अगं शहाणे, जिथे सूर्य मावळतच नाही, तिथे शुक्रवार आला कुठून?"

पोकुआचा आ वासला तो वासलाच. समुद्र तपासले, वारे तपासले, आणि ही घोडचूक! खरं तर आपल्यात मूल जन्मायच्या आधी त्याचा वार नाव घेऊन दारात उभा असतो, म्हणून हे कुणाला खटकणार नाही. पण पोकुआला खटकायला हवं होतं. तिची आई कोकोच्या मळ्यातल्या झोपडीत बाळंतपणात गेली, आणि त्या आकांतात वाराचं भान कुणाला राहिलं नाही. मागाहून कुणी म्हणे बुधवार, कुणी म्हणे गुरुवार. शाळेत पोरी "बिनवाराची, बिनवाराची" म्हणून रडवायच्या.

"मेले!" म्हणत ती मटकन खाली बसली, आणि दुसऱ्या क्षणी ताडकन उठली. "अगं मावशी, म्हणजे तिथे सगळेच बिनवाराचे!"

"मग पोरांना हाक कशी मारतात?"

"तेच तर! थांब, बोलू नकोस." गळ्यातली टेप ओढत ती दुकानात येरझारा घालू लागली. "ज्याने बाळ पहिल्यांदा हातात घेतलं, त्याचं नाव बाळाला! आणि नायिकेला उचललं कुणी? वैऱ्याने! जन्मभर वैऱ्याचं नाव मिरवतेय बिचारी!"

"अगं बाई!" मावशीचं तेल जळायला लागलं. "मग पुढे?"

पुढे काय, धुमाकूळ! गणवेश कोपऱ्यात गेले. पोकुआ खोडतेय, लिहितेय, मावशी तेलकट बोटाने "इथे अजून आफिया राहिलीय" म्हणून दाखवतेय. पावणेचारला तिसावं पान संपलं तेव्हा दोघी घामाघूम होऊन खदाखदा हसत होत्या.

"तिथे जन्मली असतीस तर तुझं नाव काय असतं गं?" मावशीने सहज विचारलं.

"झोपडीत मला पहिल्यांदा कुणी उचललं?"

"मीच की. दुसरं होतंच कोण तिथे?"

पोकुआने बांधलेला गठ्ठा सोडला. पहिल्या पानावर लेखिकेचं नाव होतं, नुसतं 'पोकुआ'. तिने त्याच्याआधी 'मान्सा' लिहिलं, गठ्ठा पुन्हा बांधला आणि बसकडे धूम ठोकली.