एकशे वीसपट

त्या रविवारी दुपारी मी लातूरच्या खानावळवाल्या ताईंना फोन केला. “ताई, आज डबा नको.” पलीकडून उत्तर आलं, “बरं, नाही देत.” तासाभरानं डबा आलाच. तक्रार करायला फोन हातात घेतला, तेव्हा दिसलं की मघाचा फोन नांदेडला, बायकोला लागला होता. नंबर चुकणं समजू शकतो. मला तिचा आवाज ओळखू आला नव्हता.

ती नांदेडला शाळेत मराठी शिकवते, मी लातूरला क्लासमध्ये गणित. क्लासचं पेव फुटलं तेव्हा ‘एकच वर्ष’ म्हणून एकटाच इथं परत आलो. दर जूनला करारावर सही करताना तेच म्हणतो. यंदाचा कागदही टेबलावर पडून होता. राहतो त्या इमारतीत वर-खाली सगळ्या खोल्या क्लासच्या पोरांच्या. माझ्याकडे कुणी आलंच तर शंका घेऊन येतं आणि उभ्यानंच जातं.

भूकंप झाला त्या साली आम्ही दोघं लातुरातच होतो, लग्न नवं. घर उभं होतं, पण आत झोपायची हिंमत नव्हती. सगळी गल्ली मैदानात अंथरुणं टाकायची. जमीन हलल्यासारखी वाटली की ती माझं मनगट धरायची. दुसरा कुणी नवरा दोन शब्द प्रेमाचे बोलला असता. मी विभाजक सांगायला लागलो. दोनचे विभाजक एक आणि दोन. त्यांच्या घनांची बेरीज नऊ, सातव्या घातांची एकशे एकोणतीस. मधला फरक बरोबर एकशे वीस. पुढं कुठलीही संख्या घे, तिचे दोन-दोन भाग पाड, दोन्ही भागांच्या विभाजकांच्या घनांच्या बेरजा एकमेकींना गुण, सगळे गुणाकार मिळव; फरक दर वेळी त्याच्या एकशे वीसपट.

“पण असं का?” तिनं विचारलं.

“असतं तसं,” मी म्हणालो. नवा नवरा, त्यात गणिताचा मास्तर. येत नाही असं म्हणणार कसा?

तिनं मनगट सोडलं नाही, पण पुन्हा विचारलंही नाही.

त्या ‘का’चं उत्तर मला त्या रविवारी, मॉड्युलर फॉर्म नावाच्या फलनांवरचं पुस्तक तिसऱ्यांदा वाचताना, नीट उमगलं. डबा नको होता तो त्या नादामुळंच. आलेला डबा तसाच ठेवून बाहेर गॅलरीत गेलो. सांगण्यासारखं माणूस त्या इमारतीत नव्हतं. मग नांदेडला फोन लावला, या वेळी नंबर बघून.

आधी माफी मागितली. मग सांगितलं, की या बेरजा गुंफून दोन फलनं तयार होतात. घनांच्या फलनाचा वर्ग करायचा. सातव्या घातांचं तसंच ठेवायचं. दोन्ही एकाच कुळातली, सुरुवात दोघांचीही एकनं. आणि त्या कुळात एकाच फलनापुरती जागा असते, बाकी सगळी त्याच्याच पटीतली. म्हणजे दोन वाटत होती ती मुळात एकच. म्हणून आकडे जुळतात.



“मैदानात विचारलं होतं मी,” ती म्हणाली. “आता सांगून राहिलात. असू द्या. पण यंदा करारावर सही करू नका. डबा नको असला, तर इथं समोर बसून सांगा मला.”