जागेवर न बसणारी खासदारबाई

टीव्हीवर जळालेला डबा दाखवत होते. निळा डबा, खिडक्यांना काचा नाहीत, आतून धूर. खालच्या पट्टीवर इंग्रजीत काहीतरी पळत होतं आणि माझी सून मीनल ते वाचून मला सांगायचं टाळत होती. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच स्टुलावर, आमच्या खासदारबाईची आई बसली होती. मांडीवर पातेलं, हातात सुरी, बटाटे सोलत होती. आदल्या संध्याकाळी खासदारबाईने सरहद्दीवरच्या स्टेशनातून फोन केला होता, कीवच्या गाडीत बसले म्हणून. पहाटे त्याच गाडीवर ड्रोन पडलं. आता तिचा फोन लावला की एक बाई गोड आवाजात त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायची, आणि ते कळायला ती भाषा यावी लागत नाही.

"आई, टीव्ही बंद करू का?" मीनलने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "इथे बंद केला म्हणून तिकडची आग विझणार आहे का?"

ही खासदारबाई म्हणजे कोण, ते सांगते. जागेवर न बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण या बाईच्या अंगाला देवाने बसायचा सांधाच दिलेला नाही. लढाई सुरू झाली तेव्हा माझ्या मुलाने इंग्लंडात रीडिंग गावातल्या आमच्या घरातली वरची खोली युक्रेनच्या माणसांना देऊ केली, मला न विचारता. तिथे हिची आई राहायला आली. मुलगी तिच्या देशाच्या संसदेत निवडून गेलेली आहे हे आम्हाला मागाहून कळलं. दर दोन-तीन महिन्यांनी ती लंडनला यायची, इथल्या लोकांकडे अ‍ॅम्ब्युलन्स मागायला, आणि मुक्कामाला आमच्याकडे. जेवायला बसवलं तर दोन घास खाऊन उभी. मीठ हवं असलं तरी उभी राहून मागायची, आणि तेही अशा आवाजात की समोर हजार माणसं बसली आहेत. मी एकदा म्हटलं, "अगं, मीठच हवंय ना? ठराव कशाला मांडतेस?" मीनलने त्याचं इंग्रजी केलं. ती हसली, उभ्या उभ्याच. मीनलचं ऐकून ती मलाही 'आई' म्हणायची, आणि स्वतःच्या आईसारखीच माझी बोलणी खायची.

चालायला लागली की थांबायची नाही आणि थांबली की बोलायची. आमच्या शेजारचा डेव्हिड गाडी कुठे उभी करायची यावरून आमच्याशी भांडलेला होता. माझा मुलगा कुंपणापाशी त्याला पाहून आत यायचा. ही बाई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाहते तर डेव्हिडच्या दारात उभी, त्याचे दोन्ही हात हातात धरून. आठवड्याने डेव्हिडची जुनी व्हॅन युक्रेनला अ‍ॅम्ब्युलन्स व्हायला निघाली आणि डेव्हिड आम्हाला केक देऊन गेला. गाडीचं भांडणही मिटलं, कारण आता त्याच्याकडे गाडीच नव्हती.

मुळात ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. एका हिवाळ्यात शाळा गरम करणारा बंब फुटला आणि नगरपालिका काही हालेना. बाईने सगळी पोरं कोट-टोप्यांसकट नगरपालिकेच्या सभेत नेली आणि तिथेच वर्ग घेतला. सभासद एका बाजूला बोलताहेत, दुसऱ्या बाजूला पोरं ओरडून पाढे म्हणावेत तशी रसायनांची नावं म्हणताहेत. बंब आला. पुढच्या निवडणुकीत गावाने तिलाच नगरपालिकेत पाठवलं, त्यापुढच्या वेळी संसदेत. आता त्या गावात शाळा नाही, बंब नाही, आणि मतदारही फारसे नाहीत. उरलेले जगभर पांगले. त्यातल्या चारपाच बायका रीडिंगच्या आसपास राहतात. ती आली की त्या माझ्या स्वयंपाकघरात गाऱ्हाणी घेऊन यायच्या आणि मी चहा करायची. खासदाराच्या घरी चहा करायला नोकर असतात असं मी ऐकलं होतं. ते कोण, ते तेव्हा कळलं.

तर तिला मी एकदा सरळ विचारलं, "तुझा नवरा कुठे बसतो?"

"कुठे म्हणजे?"

"संसदेत. तुझ्या खुर्चीत की शेजारच्या?"

माझी जाऊ सातारा जिल्ह्यात पाच वर्षं सरपंच होती. खुर्चीत दीर बसायचे, जाऊ आत भाकऱ्या थापायची आणि ठरावाखाली सही तिची. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन करायला ती मिरजेला दवाखान्यात होती, तेव्हाही गावात तिच्या सह्या होत होत्या. मीनलने हे सगळं इंग्रजीत सांगितलं, लाजत लाजत.

खासदारबाई म्हणाली, "आई, माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. त्याला संसदेत नेलं तर तो सगळ्यांना तोंड उघडायला लावेल. तिथे आधीच फार जण उघडतात." मग ती आमच्या शेगडीपाशी गेली. आमच्या शेगडीला एका हाताने बटण दाबून धरावं लागतं आणि दुसऱ्या हाताने ठिणगीची कळ. "आमचं मतही असंच," ती म्हणाली. "पूर्वी कुणी आलं नसेल तर शेजारचा माणूस त्याचं बटण दाबून टाकायचा. आता दोन्ही हात एकदम लागतात. एक इथे, एक इथे. शेजाऱ्याचं दाबायला तिसरा हात उरत नाही."

"आमच्याकडे उरतो," मी म्हटलं. "नवऱ्याचा."

ती इतकी हसली की गॅस पेटवून विसरली.

म्हणूनच या खेपेला तिला जावं लागलं. शाळांच्या खाली, जमिनीच्या पोटात वर्ग बांधायचा तिचा कायदा मताला येणार होता. त्यांच्याकडे गैरहजर माणूस विरोधात गेल्यातच जमा, कारण एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. मतं काठावर होती. तिच्या आईने हात धरून थांबवलं, रेल्वेवर हल्ले होताहेत म्हणून. खासदारबाई म्हणाली, "माझे हात मी पोस्टाने पाठवू शकत नाही." मी तिच्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घातली. ती चटणी ती ब्रेडवर, बटाट्यावर, कशावरही घालून खायची आणि संसदेत वाटायची. तिकडचे दोन मंत्री माझ्या चटणीवर आहेत असं ती सांगायची. खरं-खोटं तिला माहीत.

आणि आता हा जळालेला डबा. खासदारबाईच्या आईचं पातेलं भरलं होतं, तिने दुसरं घेतलं. आम्ही चार माणसं खाणारी आणि बटाटे गावजेवणाचे. मी तिला थांबवलं नाही. आम्हा दोघींना एकमेकींचं बोलणं येत नाही, पण सुरी हातातून काढून घ्यायची नाही एवढं मला कळत होतं. टीव्हीवाला म्हणाला, माणसं गेली आहेत, किती ते नक्की नाही. मीनलने ते मला सांगितलं. आईला कुणी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

दुपारी मीनल लॅपटॉप घेऊन धावत आली. "आई, व्होटिंग झालंय! रिझल्ट आलाय!" पडद्यावर त्यांच्या सभागृहाचं चित्र होतं, नाटकगृहासारख्या अर्धगोल रांगा आणि प्रत्येक खुर्चीला एक ठिपका. कायदा मंजूर झाला होता. आईने बटाट्याने ओलं झालेलं बोट पडद्यावर फिरवलं, रांगा ओलांडल्या, आणि एका ठिपक्यावर थांबवलं. लेकीची खुर्ची तिला पाठ होती. ठिपका हिरवा होता.

मीनल रडायला लागली. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणी दाबलं असेल."

"आई! असं काय बोलता!"

"जाऊबाई दवाखान्यात होत्या तेव्हाही त्यांच्या सह्या होत होत्या."

म्हातारीला माझा शब्द कळला नाही, तोंड मात्र कळलं. तिने सुरी खाली ठेवली. उजवा हात टेबलावर दाबला. मग डावा हात त्याच्यापासून लांब दाबला. आणि दोन्ही हात तसेच दाबून धरून माझ्याकडे बघत राहिली. तिने ते उचलले नाहीत. तिसरा हात नव्हता. मी उठले आणि बटाटे शिजायला लावले.

संध्याकाळी फोन आला, कुणाच्या तरी उसन्या फोनवरून. ती कोबीच्या ट्रकमध्ये बसून सभागृहात पोचली होती. आईशी बोलून झाल्यावर मला मागितलं. म्हणाली, "आई, चटणी जळाली."

मी म्हटलं, "जळू दे. दुसरी करते."

त्यानंतर ती आली ती उन्हाळ्यात. मी ताट वाढलं, चटणी वाढली. ती खुर्चीवर बसली आणि शेवटपर्यंत बसून जेवली. मीठ आपल्या हाताने ओढून घेतलं. मी भाजीत मुद्दाम मीठ कमी घातलं होतं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अगं, ऊठ की. माग काहीतरी."

ती उठली नाही. ताटात बघत तिने सांगितलं. गाडीतल्या तिच्या खोलीत चार जागा होत्या. ती नेहमीप्रमाणे उठून पलीकडच्या डब्यात गेली होती, तिथल्या बायकांना शाळेच्या तळघरांचं सांगत उभी होती. तिची पिशवी जागेवर होती. बाकीचे तिघे झोपले होते, दोघं नवरा-बायको आणि एक परिचारिका. ते तिघे गेले. ती वाचली.