पिशवी मी नेली होती

शॉमबर्गमधल्या आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांत गेली वीस वर्षं एक समज आहे. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आमच्याकडे सात महिने राहिला आणि जाताना माझ्या मुलीच्या व्हिडिओ गेमची पिशवी घेऊन गेला, असा तो समज. मोठ्याने कोणी बोललं नाही. माझ्या बायकोने दोन मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी घरी सांगितलं असेल. ही हकीकत त्या घरांसाठी लिहितो आहे. त्याने काही नेलं नव्हतं. पिशवी मी नेली होती.

मेहुणा नागपूरहून जानेवारीत आला, कामाच्या व्हिसावर. पहिला प्रोजेक्ट इथलाच, म्हणून आमच्या बेसमेंटमध्ये राहिला. मे महिन्यात बर्फाची आठवणही उरली नाही तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यांवर गराज सेलच्या, म्हणजे घरापुढे जुनं सामान विकायच्या, पाट्या लागल्या आणि त्याला जणू स्वतःचा देश सापडला. शनिवारी सकाळी सातला तो, माझी बायको आणि दहा वर्षांची मुलगी, डब्यात पोहे घेऊन निघायचे. गराज सेल संपले की थ्रिफ्ट स्टोअर, लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणारं दुकान. अकराच्या सुमाराला परत. एका म्हाताऱ्या बाईच्या गराजमधून त्याने जुनं गेमचं मशीन आणलं, तेव्हाच ते दहा-बारा वर्षांचं होतं. मग दर शनिवारी त्याच्या कॅसेट शोधायच्या. नागपूरला तो लहानपणी कॅसेटच म्हणायचा, म्हणून आमच्याही घरात तोच शब्द रुळला. मुलगी कार्ट्रिज म्हणायची आणि तो तिला चिडवायचा, "बघा, मेमसाहेब आल्या."

बायकोला त्या कॅसेटांची इंग्रजी नावं लक्षात राहत नसत. तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांना करायची तेच केलं. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेनने मराठीत नाव. गाडी. विमान. राक्षस, अवघड. आणि तिचा लाडका, बेडूक. एक बेडूक विहिरीतून खालच्या विहिरीत उतरत जातो, अशा बारा विहिरी. त्या चिकटपट्टीवर तिने बेडूक लिहून खाली आई असंही लिहिलं होतं, म्हणजे त्यावरचा तिचा खेळ कोणी पुसू नये. कॅसेटमध्ये छोटी बॅटरी असते, तिच्यावर खेळ जपला जातो. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. मी ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि दुपारी ही बेसमेंटमध्ये बेडकाला खाली उतरवत असे. अकराव्या विहिरीपर्यंत पोचली होती. जेवताना भावाला सांगायची, "आज तो मगरीपाशी अडला रे."

"काहून अडला? डावीकडे दगड हाय ना, त्यामागे लपायचं."

"लपले होते. मगर थांबतच नाही."

"मगर थांबत नसते ताई. आपण थांबायचं असते."

मला या बोलण्यातलं काही कळत नसे. सुरुवातीला ते मला बोलवायचे. मी म्हणायचो, लोकांनी टाकलेल्या वस्तू आपण घरात कशाला आणायच्या. पुण्यात आमच्या घरी दुसऱ्याचा वापरलेला शर्टसुद्धा कोणी घातला नव्हता, याचा मला का कोण जाणे अभिमान होता. चार-पाच वेळा असं ऐकल्यावर त्यांनी बोलवणं सोडलं. मी शनिवारी गवत कापायचो. परत आल्यावर तिघं जमिनीवर बसून लूट मांडायचे, हसायचे, आणि मी दारातून विचारायचो, "जेवायला किती वेळ?"

जुलैच्या शेवटी मेहुण्याला सहा तासांवरच्या ईडन प्रेरीला नवा प्रोजेक्ट मिळाला. रविवारी तो निघणार होता. आदल्या दिवशी शेवटचा शनिवार. त्या सकाळी मी लवकर उठलो, दाढी केली, बूट घातले. आज आपणही जावं असं ठरवलं होतं. कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. बूट घालून गराजच्या दारात आलो तर गाडी रस्त्याला लागलेली. ओट्यावर एका वाटीत माझे पोहे झाकून ठेवले होते.

ते पोहे मी खाल्ले नाहीत. बेसमेंटमध्ये गेलो. सगळीकडे मेहुण्याची खोकी पडली होती. टीव्हीपाशी कॅसेटांची कापडी पिशवी होती. ती उचलली, आमच्या दुसऱ्या गाडीत टाकली आणि थ्रिफ्ट स्टोअरच्या मागच्या दाराशी नेऊन दिली. तिथल्या माणसाने विचारलं, पावती हवी का. मी प्रत्येक दानाची पावती घेणारा माणूस. त्या दिवशी नको म्हणालो आणि घरी आलो. वाटीतले पोहे कचऱ्यात टाकले.

वाटेत मी स्वतःला सांगत होतो की तीन आठवड्यांनी शाळा सुरू होईल, मुलीचं गणित कच्चं आहे, आता हे बंद झालं पाहिजे. संध्याकाळी जेवताना सरळ सांगू. हे कारण मी पुढे इतक्या वेळा मनात म्हटलं की बरीच वर्षं मलाही ते खरं वाटत होतं. खरं एवढंच होतं की माझ्या घरात माझ्याशिवाय एक सुखाचा दिवस असायचा आणि मला तो सहन होत नव्हता.

त्या संध्याकाळी खोकी भरण्याची गडबड होती. मी बोललो नाही. रविवारी मेहुणा गेला. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर बायको जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"कॅसेटची पिशवी नाहीये."

मी बूट काढत होतो.

"सगळं शोधलं. मशीन आहे, पिशवी नाही. परवा तोच म्हणत होता, यातल्या दोन-तीन कॅसेटांना हल्ली ऑनलाइन बरेच पैसे येतात." मग तिने विचारलं, "नेली असेल का हो त्याने?"

सांगायला याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नाही. मी म्हणालो, "विचारू नकोस त्याला. एवढ्याशा गोष्टीसाठी नात्यात कशाला कडवटपणा. नवीन संसार मांडतोय, नेली तर नेली."

हे बोलताना मला मी मोठ्या मनाचा वाटलो, हे लिहिताना आज हात थांबतो. आपल्या माणसाला क्षुल्लक वस्तूबद्दल विचारायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझ्या आई-वडिलांची, तिच्याही. ती मी ढालीसारखी वापरली. तिने एकदा विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "नाही बाप्पा ताई, मी काहून नेईन?" आणि मग संशय घ्यायला घरात एकच माणूस उरला असता. तिने विचारलं नाही. मुलीलाही ताकीद दिली, मामाला यातलं काही बोलायचं नाही.

त्याच सप्टेंबरात नागपूरला सासूबाई वारल्या. बायको एकटी गेली. मेहुण्याच्या व्हिसाचे कागद तेव्हा अडकले होते, देश सोडला तर परत येता येणार नव्हतं. फोनवर तो खूप रडला, असं तिनेच सांगितलं. ती मात्र त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. नोव्हेंबरात भाऊबीजेला तो यायचं म्हणत होता. हिने सांगितलं, त्या वीकेंडला आम्ही मित्रांकडे जातोय. आम्ही कुठेही गेलो नाही. त्या दिवशी तिने चंद्राला ओवाळलं आणि लवकर झोपली. पुढच्या वर्षी त्याने विचारलं नाही.

शनिवारचा शोध मात्र मायलेकींनी चालू ठेवला. बेडकाची दुसरी कॅसेट एका सेलमध्ये मिळाली, पण ती पहिल्या विहिरीपासून खेळायची. तिसऱ्या विहिरीनंतर बायकोने ती सोडून दिली. म्हणाली, "पुन्हा सगळं तेच उतरायचं, नको वाटतं."

बारा वर्षांनी ती आजारी पडली. मेहुण्याला कळल्यावर त्याचा फोन आला. मी पलंगाशेजारी संत्रं सोलत बसलो होतो. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "असू दे रे. झालं ते झालं." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. कित्येक दिवसांत तिचा चेहरा तितका निवांत दिसला नव्हता.

"बोलला शेवटी. ताई, त्या वर्षी माझं चुकलं, पोटात घाल म्हणाला." ती हसली. "वेडा. पिशवीभर कॅसेटांसाठी इतकी वर्षं मनात ठेवून बसला."

मी संत्र्याच्या फोडीवरचे दोरे काढत राहिलो. कोणत्या चुकीची त्याने माफी मागितली ते मला माहीत नव्हतं. पिशवीची नव्हती एवढं या जगात फक्त मला माहीत होतं. मी तिला फोड दिली. तिने खाल्ली. त्या हिवाळ्यात ती गेली. मेहुणा आला, शेवटच्या रांगेत बसला आणि संध्याकाळी परत निघाला.

आता मी गाडी चालवत नाही. मुलगी तीस वर्षांची आहे, फार्मसिस्ट आहे. शनिवारी मला घेऊन गराज सेलला जाते, आईची सवय म्हणून. मी खुर्चीत बसतो, ती खोकी धुंडाळते. या जूनमध्ये आमच्या घरापासून दोन मैलांवर एका घरापुढे तिने मला हाक मारली.

"बाबा. लुक."

तिच्या हातात राखाडी कॅसेट होती. त्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी. रविवारच्या मराठी शाळेत शिकली तशी तिने एकेक अक्षर लावून वाचलं. "बे. डू. क." खालचं आई तिला लावावं लागलं नाही.

घराचा तरुण मालक हसत म्हणाला, आम्ही लहानपणी त्याला सिक्रेट कोड समजायचो. पूर्ण पिशवी अशीच होती. आईने थ्रिफ्ट स्टोअरमधून आणली होती, कोणीतरी दान केलेली.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही. "डोनेट केलेली," ती म्हणाली. "मामा असता तर त्याने सेल केली असती ना? डोनेट का करेल?" ती कॅसेटकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मला अजूनही गप्प राहता आलं असतं. ती काही म्हणाली नसती. आमच्या घरात विचारत नाहीत.

"मी दिली होती," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. बुटांचं, पोह्यांचं, जिन्यावरचं, संत्र्याचं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "आईला नेव्हर सांगितलं?"

"नाही."

"सो शी डाइड थिंकिंग..." ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, "मामाला फोन करा. आत्ता. स्पीकरवर."

त्याने पहिल्याच रिंगला उचलला, घाबरून. "भाऊजी? सगळं ठीक ना?"

मी सांगितलं. त्याला काही कळेना. "कोणती पिशवी?" मग, "हो हो, बेडूक. हरवली होती का ती?" त्याला हरवल्याचंसुद्धा माहीत नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, मग कसं माहीत असणार. मी म्हणालो, ती तू नेलीस असं तुझ्या ताईला वाटलं. म्हणून तिने तुला तोडलं.

मग त्याने विचारलं.

"म्हणजे आईच्या वेळी मी नागपूरला गेलो नाही, त्याचा राग नव्हता तिला?"

"नाही."

"मी त्याचीच माफी मागितली होती, भाऊजी."

"आता कळलं."

"एकदासुद्धा म्हणाली नव्हती ती, की का आला नाहीस?"

"कधीच नाही. उलट मला म्हणायची, बिचारा तिकडे एकटाच रडत असेल."

त्यानंतरचा त्याचा आवाज मी इथे लिहीत नाही. वीस वर्षं तो स्वतःला आईच्या अंत्यविधीला न गेलेला मुलगा समजत होता, आणि त्यातली बारा वर्षं बहिणीच्या अबोल्याने ते रोज खरं ठरत होतं. माझ्या मनात फक्त पिशवी होती. तिच्याखाली हे दबलेलं असेल हे मला कधी सुचलंच नाही. शेवटी तो म्हणाला, "ठेवतो भाऊजी," आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी पुढच्या शनिवारी आली नाही. त्यानंतरच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने एक फोटो पाठवला, ईडन प्रेरीहून. सहा तास गाडी चालवून ती कॅसेट घेऊन मामाकडे गेली होती. टीव्हीच्या पडद्यावर बेडूक, आणि जपलेल्या खेळांच्या तीन जागा. तिन्हींत त्या दुसऱ्या घरातल्या मुलांची नावं. बायकोची अकरावी विहीर कधीच पुसली गेली होती. फोटोखाली तिने एवढंच लिहिलं होतं, "मामा आणि मी पहिल्यापासून खेळतोय."

मी उत्तरात लिहिलं की मगर थांबत नाही, आपण थांबायचं असतं. पाठवण्याआधी पुसलं. ते माझं वाक्य नव्हतं, त्याचं होतं. मी त्या वेळी दारात उभा राहून जेवायला किती वेळ म्हणून विचारत होतो.

त्याने मला अजून फोन केलेला नाही. करावा असं म्हणण्याचा हक्क मला नाही. पण ज्या घरांत त्याच्याबद्दल ऐकलं गेलं, तिथे कोणाला तो कधी भेटला तर मोकळेपणाने जवळ बोलवा. आणि माझ्या बायकोचा फोटो आमच्या भिंतीवर आहे, तिथे उभं राहून हे मी तिला दोनदा वाचून दाखवलं आहे. दुसऱ्यांदा संत्र्याच्या ठिकाणी मला पुढे वाचता आलं नाही.