कीबोर्डची कापलेली वायर

ती केस माझ्या हसण्यानं सुरू झाली, म्हणून आजही पाठ सोडत नाही. खांद्यावर नवे कोरे दोन तारे होते आणि भोकरदन तालुक्याचं आभाळ त्यांच्यामुळेच उजळतं, असा माझा ठाम समज होता. ठाण्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. आम्ही त्याला हार घातला, कव्हर घातलं, पण हात काही कोणी लावला नाही. असे आम्ही हुशार!

त्या दिवसांत जवळच्या गावची एक तरुण सून पिशवीत कीबोर्ड घेऊन आली. घराच्या ओसरीत ती पोरींना टायपिंग शिकवायची. नवऱ्याला ते खपत नव्हतं.

"आधी हे मागची पिन काढून ठेवायचे, मॅडम. मी परत लावायचे. मंग वरून चहा ओतला. उन्हात पालथा घालून वाळवला, तर झाला चालू. आज विळ्यानं वायरच कापली. लिहून घ्या."

मी खो खो हसले. "अगं, वायरच कापली ना? हात तर न्हाई कापला? जा, दुकानातून जोडून आण."

घरगुती मामला म्हटलं की आम्ही स्टेशन डायरी उघडतच नसू. अदखलपात्र म्हणूनसुद्धा मी नोंद केली नाही. ती पिशवी उचलून गेली.

थोड्याच दिवसांत पोलीस पाटलाची खबर आली. त्याच बाईची दोन्ही हातांची बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. जालन्याच्या दवाखान्यात ती एवढंच म्हणाली, "माझ्याच हातानं झालं." उशाशी सासू बसली होती, हिचं लेकरू मांडीत घट्ट धरून. नवरा सांगत होता, घरी कोणी नव्हतं, एकटीच कडबा कापून राह्यली होती. अपघात म्हणून कागद बंद झाला असता, तर टाके निघाल्यावर ती त्याच घरात परत गेली असती.

पंचांना घेऊन मी गोठ्यात गेले. यंत्र हाताचं होतं. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं कडबा सारायचा.

"एकटी कशी कापत होती, दाखव," मी नवऱ्याला म्हटलं.

त्यानं उजवा हात चाकाच्या मुठीवर ठेवला, डाव्यात पेंढी घेतली.

"तिचे तर दोन्ही हात आत गेले. तूही दोन्ही हातांनी पेंढी धर."

त्यानं मूठ सोडली. चाक थांबलं.

"आता सांग, चाक कोणी फिरवलं?"

तो यंत्राशेजारी खालीच बसला.

"पिन काढली की लावायची. वायर कापली, तर दुकानातून जोडून आणली. बिलकुल ऐकत नव्हती. हात म्या धरले. चाक आईनं फिरवलं."

दुकानातून जोडून आणली. माझाच सल्ला.

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, सुनेचा जबाब हवाच होता. नवऱ्याला आणि सासूला अटक केली, लेकरू सुनेच्या माहेरच्यांकडे दिलं, तेव्हा ती सगळं बोलली.

माणूस आधी वस्तूवर हात चालवून बघतो, कोणी अडवतं का ते. पुढे फुटलेली चूल घेऊन कोणी आलं, तरी मी आधी डायरी उघडायची.

जबाब पुरा झाला आणि सवयीनं मी तिच्यापुढे पेन धरला. लगेच मागे घेतला, शाईचा पॅड काढला. तिनं बँडेजातून उरलेला अंगठा पुढे केला आणि म्हणाली,

"त्या दिवशी मी सही करायला आल्ते, मॅडम. तुम्ही अंगठ्याची वाट पाह्यली."