दस्तीखालचा आकडा

आमच्या दादाला बैलबाजारात उभ्या जिंदगीत कुणी फसवलं न्हाई. आन् आता त्याला कुठं ठेवायचं ते ठरवायला निघाली कोण, तर मी! त्या दिवशी सकाळी मला चहासुद्धा गेला न्हाई. कपात साय धरली, तरी मी आपली बसूनच.

दादा म्हणजे सूर्यभान, मपला थोरला भाऊ. पोखर्णीचा. बैलाचा दलाल. दलाल म्हणलं की लोक तोंड वाकडं करतेत, करू द्या. घेणारा एकीकडं, देणारा एकीकडं, आन् दोघांच्या मधी दादा. पण भाव तोंडानं कधी सांगायचा न्हाई. खांद्यावरची दस्ती, म्हणजे रुमाल, काढायची, तिच्याखाली गिऱ्हाईकाचा हात धरायचा आन् बोटं दाबून आकडा कळवायचा. वर तोंड चालू, "अहो परवडत न्हाई, मालक रडायलाय बघा." खाली बोटं भलतंच बोलायलेत. भोवती ही गर्दी, पण खरा आकडा त्या दोघांनाच ठाऊक. गिऱ्हाईकानं हात ओढून घेतला तर सौदा मोडला. दादानं आपण होऊन हात सोडला तर सौदा झाला. मग कुणाचा बाप आला तरी फिरायचा न्हाई.

लहानपणी आमी दोघं घरात पण हेच करायचो. माय वर इचारायची, "किती लाडू खाल्ले रे?" दादा म्हणायचा, एक. आन् मायच्याच पदराखाली मपल्या हाताला चार बोटं दाबायचा. मला हसू फुटायचं आन् मार मात्र दोघांना.

तर असा माणूस. त्याचं गालफड तंबाखूनं खाल्लं. संभाजीनगरला नेऊन लाईट दिल्या, सुया दिल्या, पार सुकून गेला. मग मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, आता घरी न्या आन् सेवा करा. सेवा करा म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पण कळतंय.

शिवशंकर त्याचा लेक आन् पंकजा सून. दोघंबी जीवाला लागलेले, मी उगाच खोटं बोलणार न्हाई. पण दिवाळी झाली की त्यांना कोयत्यावर जावं लागतं. कोरडवाहू रानात काय पिकतंय? टोळी ऊसतोडीला निघाली की ते निघाले. जखमेतून मधीच रगत यायचं, वास सुटायचा, हे सगळं उसाच्या फडात, पालात कसं करणार? मी म्हणलं, मी नेते वालूरला, मपल्या घरी. तर दादानं मान हलवली. बहिणीला द्यायचं असतंय, बहिणीच्या दारात जाऊन पडायचं न्हाई, ही त्याची जिद. जीभ जड झालती, दोन शब्दाला दम लागायचा, पण "न्हाई" म्हणायला बरोबर जमायचं बघा.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, परभणीच्या बाहेर वसमत रोडला एक सेवाघर निघालंय. ज्यांचा इलाज संपला त्यांना ठेवून घेतेत. बरं करीत न्हाईत, पण जखम धुतेत, दुखणं कमी करतेत. शिवशंकर मला म्हणला, "आत्या, तू चल. तुझी नजर बाबासारखी हाय. तू हो म्हणलीस तर ठेवू, न्हाई म्हणलीस तर मी जात न्हाई ह्या साली."

घ्या! म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं की आत्यानं हो म्हणलं होतं. आन् न्हाई म्हणावं तर पोराचं साल बुडवलं, तेबी आत्यानंच.

त्यात आमच्या शेजारच्या चतुराबाईनं डोक्यात किडा सोडून ठेवलता. "बाई, तिथं अफू देतेत म्हणं. गुंगवून टाकतेत. ओरडणं न्हाई, मागणं न्हाई, माणूस पडल्या पडल्या जातंय. त्यांना काय, ताप न्हाई डोक्याला." हे ऐकलं आन् मला बाजारातले बैल आठवले. कारण दादानंच मला शिकवलं होतं, बाजाराच्या दिवशी काही लबाड लोक मारक्या बैलाला काहीबाही चारतेत. मग तो लेकरानं शेपटी ओढली तरी हलत न्हाई. घेणारा भुलतो, केवढा गरीब बैल म्हणतो. दादा अशा बैलाच्या कानापाशी जाऊन एकदम टाळी वाजवायचा. कान हलला, डोळा फिरला तर बैल जागा. न्हाई तर चला पुढं.

आमी दुपारचं पोचलो. दादाला खुर्चीवर बसवून आत नेलं. मी कुणाला न इचारता आधी स्वयंपाकघरात घुसले. भगुण्यात पातळ पेज होती, ताजी. माठावर झाकण. मोरीत घाण न्हाई. मग खाटांकडं गेले. एका बाईला म्हणलं, तुमच्या मालकाची पाठ दाखवा बरं. ती बिचारी उठली आन् दाखवली तिनं. पडून पडून पाठ सडते ना, ते बघायचं होतं मला. पाठ साफ. चादर पण कोरडी.

सगळं बरं होतं, आन् त्यानंच मला धास्ती वाटायली. कारण तिथं आवाजच न्हाई. एवढे दुखणाईत, कुणाचं पोट, कुणाचा गळा, आन् एकजण पण कण्हत न्हाई? वर पंखा फिरायलाय आन् खाली सगळे डोळे मिटून. मनात म्हणलं, चतुराबाई खरं बोलली. चारलंय ह्यांना. इथं मी मपल्या भावाला देऊ?

कोपऱ्यात एक म्हातारा पडलता, आश्रुबा नावाचा. मी गेले आन् त्याच्या कानापाशी दणकन टाळी वाजवली.

त्यानं एक डोळा उघडला. "काय गं बाय, मच्छर हाय का?"

"न्हाई... तुमी जागे हाव का बघितलं."

"जागाच हाव की. उन्हाचं पडलोय जरा. घरी असतो तर बोंबललो असतो, हितं बोंबलायचं काम पडंना." आन् म्हातारं हसायलं. पंकजानं लाजून पदर तोंडावर घेतला.

पण एका बैलावरून बाजार ठरत न्हाई. मी म्हणलं, बघू अजून.

मग तिथली शिष्टर आली, धम्मशीला. तिशीची असंल, बोलणं मऊ. दादापुढं खाली बसून तिनं इचारलं, "बाबा, दुखतंय किती? अजिबात न्हाई म्हणजे शून्य, सोसवतच न्हाई म्हणजे दहा. बोटानं सांगा."

समोर लेक उभा, सून उभी, गाडीवाला उभा, शेजारच्या खाटांवरचे पण बघायलेत. दादानं दोन बोटं वर केली. आन् शिष्टरनं कागदावर दोन लिहिलं.

मपलं टाळकंच फिरलं. "झालं! एवढंच का तुमचं बघणं? अहो ह्या माणसानं उघड्यावर खरा आकडा जन्मात कधी सांगितला न्हाई! आन् तुमी लिहून मोकळ्या?"

"आत्या, हळू बोल की," शिवशंकर म्हणला.

"हळू कामून? तू गप बस."

मी दादाच्या खांद्यावरची दस्ती ओढली, त्याच्या मांडीवर पसरली आन् खाली त्याचा हात धरला. हाताची नुसती काडं झालती. "दादा, मी हाय. आता खरं सांग."

तो मपल्याकडं बघंना. वर पंख्याकडं बघत राहिला. बाजारात पण असंच करायचा, तोंडावर काही दिसू द्यायचा न्हाई. मग दस्तीखाली त्यानं मपली पाची बोटं दाबली. जरा ढिली केली. आन् पुन्हा पाची दाबली.

दहा.

मला रडूच फुटलं. कधीपासून सोसायलाय हा? पंकजा म्हणली, "आत्याबाई, मी रोज इचारते हो, रोज बरं हाय म्हणतेत." मी म्हणलं, "म्हणंलच की बाई. दुखतंय म्हणला तर तुमी दोघं कोयत्यावर जाताल का?" शिवशंकर एकदम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आन् दादानं डोळे मिटून घेतले, चोरी पकडल्यावाणी.

मला वाटलं आता शिष्टर चिडंल. मी मनातून तयारच होते भांडायला. तर तिनं कागद मपल्यापुढं धरला. "मावशी, मी पेन्सिलनं लिहिते. घरचे समोर असले की बाबालोक दोनच सांगतेत. तुमी बाहेर गेल्यावर मी पुन्हा इचारणार होते. पण ही दस्तीची रीत मला ठाऊक नव्हती. मी हात घालू का?"

दादानं मपल्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्यानं तिला पण सांगितलं, दस्तीखालून. तिनं दोन खोडून दहा लिहिलं आन् तिथूनच डॉक्टरला फोन लावला.

दादाला खाटेवर निजवलं, औषध आलं. गोळी पाण्यात विरघळवून चमच्यात घेतली तिनं. मी मधी उभी राहिले. "शिष्टर, ही अफू हाय का? खरं सांगा."

"हो मावशी. अफूपासूनच केलंय. झोप लागंल, लय दिवसाची राहिलेली झोप हाय ती. मी हितंच बसते, श्वासावर नजर ठेवते."

"आन् उठला न्हाई तर?"

"ह्या झोपेतून उठतील. आजारातून न्हाई उठायचे. ते खोटं मी बोलणार न्हाई."

असं तोंडावर आजवर कुणी बोललं न्हाई आमाला. मोठे डॉक्टर पण सेवा करा म्हणून मोकळे झाले. मला तिचा राग आला, लय राग आला, आन् त्याच रागात मी बाजूला सरकून तिला चमचा पुढं करू दिला.

थोड्या वेळानं दादाच्या कपाळावरची आठी गेली. ती आठी त्याची जन्माची हाय असंच मला वाटायला लागलतं. मान कलली. तोंड उघडं पडलं. मी खाटेला चिकटून बसले आन् त्याच्या नाकापुढं बोट धरलं. श्वास लागतोय. मधीच लागंना. पुन्हा लागला. शिवशंकर इचारतोय, "आत्या, काय करायचं, टोळी उद्या निघंल," आन् मला ऐकूच येईना. एकदा वाटलं, वाजवावी टाळी कानापाशी. दोन्ही हात वर पण केले.

"ए बाय," कोपऱ्यातून आश्रुबा बोलला. "त्याला नको उठवू. झोपू दे की लेकराला."

दादा सत्तरीला आलाय आन् हा त्याला लेकरू म्हणायलाय. मी हात खाली घेतले. शिष्टर मधीमधी यायची, त्याची छाती बघायची, नाडी बघायची, मपल्याकडं बघून मान हलवायची आन् परत तिथंच स्टुलावर बसायची. फोन बघत बसली न्हाई, हे पण मी बघून ठेवलं.

ऊन कलून खाटेच्या पायाशी आलं तवा दादानं डोळे उघडले. मी म्हणलं, "दादा, मी कोण?"

"भांडखोर," तो म्हणला. एकाच दमात, स्वच्छ. कितीतरी दिवसांनी त्याचा असा आवाज ऐकला मी. शिवशंकर तर हसला पण आन् रडला पण.

चमच्यानं पाणी पाजलं. मग दादानं दस्ती चाचपली. मी ती त्याच्या हातावर टाकली आन् खाली हात दिला. त्यानं दोन बोटं दाबली. मघाशी उघड्यावर सांगितलेलाच आकडा, पण आता दस्तीखाली होता, म्हणजे खरा होता. मग त्यानं डोळ्यानं दारातल्या शिवशंकरकडं खूण केली, जाऊ दे त्याला. आन् मपला सगळा हात मुठीत धरला.

मला कळलं. सौदा चाललाय. दादा आपलाच सौदा करायलाय, आन् गिऱ्हाईक मी.

हात ओढावा असं लय वाटलं हो. ओढला असता तर मोडलं असतं सगळं. गाडीत घालून त्याला पोखर्णीला नेलं असतं, त्याच्या खाटेवर, त्याच्या भिंतीपाशी. आन् पुन्हा तो पंख्याकडं बघत दोन बोटं वर करीत बसला असता. चांगली जागा मिळाली म्हणून का मनाला बरं वाटतंय? इथं ठेवला की तो जाणार, हे मीच कबूल केल्यावाणी होतंय ना. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडून परत नेला असता.

"शिवशंकर," मी म्हणलं, "जावा तुमी टोळीबरोबर. मी वालूरहून एसटीनं येत जाईन."

शिवशंकर पायावर डोकं ठेवायला वाकला. शिष्टर दारात थांबली होती, ती गुमान बाहेर गेली. दस्तीखाली दादाचा हात तसाच. मी ओढला न्हाई, पण घट्ट धरून ठेवला. त्यानं मपल्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको दादा, अजून जरा.

मग त्यानं आपण होऊन हात सोडला.