अकरा जणांचा रविवार

आषाढात एका दुपारी नथ्थूच्या पुतण्याचा फोन आला. "काका, आप्पा गयात." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. नथ्थू बरेच दिवस अंथरुणावर होता, आणि आमच्या वयाला अशा बातम्यांची सवय झालेली असते. धक्का वगैरे काही बसला नाही.

नथ्थू आमच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे नंदुरबारला कॉलेज नव्हतं, हायस्कूल हेच आमचं कॉलेज, आणि त्याची टीम म्हणजे आमची शान... निदान असायला हवी होती. त्या पावसाळ्यात आम्ही धुळ्याकडून हरलो, दोंडाईच्याकडून हरलो, सराव म्हणून मास्तरांशी खेळलो तर त्यांच्याकडूनही हरलो. हेडमास्तर कंटाळले. हरायचं तर हरा म्हणाले, पण शेवटच्या सामन्याला शाळेची अकरा पोरं मैदानात उभी राहिली नाहीत तर फुटबॉल कायमचा बंद. नथ्थू शाळेत टिकला होता तोच मुळी या खेळापायी. त्याचं धाबं दणाणलं.

आणि मग त्यानेच घोळ घातला. शेवटचा सामना अमळनेरशी होता. तिथल्या पोरांना गाडीने यायला सोयीचं म्हणून त्याने श्रावणातला रविवार ठरवला, नेमका नागपंचमीनंतरचा, म्हणजे कानबाईचा. त्या दिवशी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते आणि रोट होतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठमूठ गहू घेऊन केलेले हे रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही, आणि माणूस कुठेही असो, त्या दिवशी त्याने घर गाठायचं. टीममधली निम्मी पोरं नथ्थूच्या गावची, एकाच भाऊबंदकीतली. शनिवारीच ती बैलगाडीत बसून तापीकाठी निघून गेली. नथ्थू एकटा मागे राहिला.

त्याने अकरा जमवले. बोर्डिंगात नवापूरकडची ख्रिस्ती पोरं होती, त्यांच्याकडे कानबाई नाही, ती आली. तरी एक कमी पडला तेव्हा त्याने मला धरलं. आमच्या घरीही कानबाई बसत नाही, एवढीच माझी लायकी. माझा चष्मा काढून ठेवून त्याने मला गोलात उभं केलं. काळ्या मातीचा रेंदा झाला होता, सगळे अनवाणी. गोल किती झाले ते मला दिसलेच नाहीत, आणि कुणी सांगायच्याही फंदात पडलं नाही. पण शिट्टी वाजेपर्यंत अकराच्या अकरा उभे होतो. हेडमास्तर शब्दाचे पक्के, फुटबॉल वाचला. हरलेल्यांत नथ्थू एकटाच हसत होता.

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला तोवर कानबाई विसर्जनाला नदीवर गेली होती. त्याच्या वाटचा रोट आईने झाकून ठेवला होता. तो खायला बसला, तसे वडील समोर येऊन बसले. हे त्याने मला फार वर्षांनी सांगितलं.

"पंगतमा तुन्ही जागा रिकामी ऱ्हायनी," वडील म्हणाले.

"मैदानमा बी रिकामी ऱ्हाती, बा."

 त्याचं खाणं होईपर्यंत वडील तसेच बसून राहिले. पुढच्या वर्षी मात्र आषाढातच ते पागोटं घालून शाळेत आले आणि कानबाईचा रविवार कोणता ते हेडमास्तरांना सांगून गेले.

नथ्थूने पुढे शेती केली. पोरं, पुतणे सुरत, नाशिक, मुंबई असे पांगले. दरवर्षी कानबाईच्या आदल्या दिवशी तो एसटी स्टँडवर जाऊन बसायचा, ते थेट शेवटची गाडी येईपर्यंत. जो आला नाही त्याला कधी बोलला नाही, पण जागचा हलायचाही नाही. यावरून मी त्याला पुष्कळ छळलं.

माझ्यापायी रोट थांबवू नका, असं त्याने जाण्याआधीच सांगून ठेवलं होतं. सुतक फिटलं आणि या श्रावणात रोट झाले. सगळे आले. त्याचा धाकटा मुलगा सुरतेहून शेवटच्या गाडीने उतरला आणि स्टँडवरच बाकावर बसला. पुतण्या त्याला न्यायला गेला, तरी तो उठेना. आता कुणी यायचं राहिलं नाही, मग तू कोणाची वाट पाहतोस, असं पुतण्याने विचारलं.

"कोनीच नही," तो म्हणाला, आणि बसून राहिला.

पुतण्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला फोन ठेवता येईना. तो बराच वेळ "काका... काका..." करत होता.