डक्टमधली हाक

आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर ‘विअर्ड’ या शब्दाला ठरलेला मराठी शब्द नव्हता. इंग्रजी बातमीत तो आला की कुणी ‘अजब’ लिहायचं, कुणी ‘विचित्र’. नवरदेव जेसीबीत बसून मांडवात आला तर अजब. ओस गावात रोज घंटा वाजत असेल तर विचित्र. त्यावरून वाद होत नसत.

घरी माझी मुलगी तो शब्द दिवसभर वापरते. कारल्याची भाजी विअर्ड, गणिताचे सर विअर्ड, माझी चप्पल विअर्ड. एकदा आईने विचारलं, “विअर्ड म्हणजे काय गो?”

“जे नॉर्मल नसतं ते, आजी.”

“मगे तुझो बापूस.”

गेल्या हिवाळ्यात मुलगी एका दुपारी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाबा, काहीतरी विअर्ड आहे.” एरवी हा शब्द ती हसत म्हणते. “बाथरूममधून कुणीतरी आजीला हाक मारतं. आजोबांसारखी.”

लालबागची आमची चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्ही राहतो. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, सगळ्या मजल्यांमधून जाणाऱ्या पाइपांच्या पोकळीत, उघडते. वडिलांनी हे घर पाहिलं नाही. ते चाळीतच गेले. गॅलरीतून ते आईला “आयकलंस गो?” अशी हाक मारायचे.

सुट्टीच्या दिवशी मी खिडकीखाली उभा राहिलो. हाक आली. शब्द तेच, ‘गो’वरचा लांबलेला हेलही तोच. ज्यांना मी अग्नी दिला होता, त्यांचा आवाज मी ऐकत होतो. पुन्हा हाक आली नाही.

आईला त्या हाकेचं ठाऊक होतं. गेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे लहानपणी तिनेच आम्हाला शिकवलं होतं. जो ओ देतो, तो त्या माणसामागे जातो.

“इतके दिस थांबलंय,” ती म्हणाली. “उद्या ओ देतलंय.”

“आणि मग?”

“काय जावचा ता जावंदे. तेंका एकट्याक किती दिस ठेवूचा?”

मुलगी रडायला लागली. आई डाळ निवडत राहिली.

हाक डक्टमध्ये खालून आली होती, म्हणून मी खालच्या मजल्यावर गेलो. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. नवीन आले होते, तेही तळकोकणातले. मी हाकेचं विचारलं, तसे ते ओशाळले.

“मीच तो. बायको गणपतीनंतर गेली. सवयीने तोंडातून जातं. त्रास होतो का?”

नाही म्हटलं. इथे बातमी संपली होती. मी वळलो, तेव्हा त्यांनी विचारलं, “वरून ओ कोण देतं?”

“ओ?”

“मी हाक मारली की येते. तुमच्याकडचं कुणी असेल असं वाटलं होतं. पण आवाज तिच्यासारखा आहे, म्हणून विचारायला आलो नाही. म्हटलं, विचारलं तर बंद होईल.”

घरी येऊन मी दोघींना विचारलं. मुलीने ओ दिली नव्हती. आईनेही नाही. “दिली आसती तर लपयला आसता काय?” ती म्हणाली. ते खरं होतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. खाली कोण राहतं, हाक कुणाची, कुणासाठी. शेवटी ती म्हणाली, “तेंका ओ येता?”

“असं ते म्हणतात.”

“म्हणजे ती हाक माका नव्हती.”

ती उठली आणि तिने बाथरूमच्या खिडकीच्या आडव्या काचा एकेक करून बंद केल्या. वरची काच नीट बसत नव्हती. तिथे तिने फडक्याचा बोळा कोंबला.

दुसऱ्या दुपारी हाक आली, बोळ्यातून दबून, पण ऐकू येईल इतकी. ओ निघू नये म्हणून आईने पदराचं टोक दातांत धरलं आणि हाक पुरती विरेपर्यंत सोडलं नाही.